मोगऱ्याच्या दिवसांतलं खोटं

गच्चीवरच्या मोगऱ्याला यंदा जरा लवकरच कळ्या धरल्या. होळी होऊन आठवडाही झाला नसेल. मी स्वयंपाकघरात पीठ चाळत होते, तर आमचे हे जिना उतरून आले आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. तीन कळ्या होत्या, अजून हिरवट, नुकत्याच घातलेल्या पाण्याने ओल्या. मी चाळणी बाजूला ठेवली आणि त्या देवापुढच्या वाटीत नेऊन टाकल्या.

मोगऱ्याचे दिवस आले की लोकांना लग्नसराई आठवते, गजरे आठवतात, माठातलं फुलं टाकलेलं पाणी आठवतं. मला चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो आणि माझी मलाच लाज वाटते. त्या उन्हाळ्यात मी खोटं बोलत होते. एखाद्या दिवशी नाही, रोज. आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून झाला की पहिलं वाक्य खोटं.

यांचं नाव दौलत. नाव घेतलेलं यांना खपत नाही, पण लिहिताना सारखं ‘हे’, ‘हे’ केलं तर कुणाबद्दल चाललंय ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून इथे दौलतराव. रागवायचं तर खुशाल रागवोत, तसेही ते माझं लिहिलेलं वाचत नाहीत.

आधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. पिंपळगाव बसवंतजवळ आमची शेती. द्राक्षबाग दौलतरावांची आणि कांद्याची चाळ माझी, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती. उन्हाळी कांदा चाळीत भरला की पुढचे चार-पाच महिने तो सांभाळायचा असतो. वरून सगळा ढीग सारखाच, खणखणीत दिसतो. आत कुठेतरी एक कांदा सडायला लागतो, त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, आणि डोळ्यांना दिसेपर्यंत अर्धा कप्पा गेलेला असतो. ते आधी कळतं फक्त नाकाला. मी रोज सकाळी चाळीच्या कडेकडेने एक फेरी मारायचे, अगदी हळू, तोंड मिटून. मध्येच थांबून सांगायचे, ‘इथं उकरा.’ मजूर बाया उकरायच्या आणि हातभर खोल तो एक कांदा निघायचा. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक बोलवायला यायचे, ‘वहिनी, जरा आमच्या चाळीत चक्कर मारा ना.’ मीही पदर सावरून निघायचे. गर्व होता मला त्याचा. शाळा दहावीत सुटली, रूप म्हणाल तर चारचौघींसारखं, पण असं नाक त्या भागात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

पुढे दौलतरावांच्या पाठीच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायची बंदी केली. बाग आणि चाळ दोन्ही पुतण्याच्या, संजयच्या, हातात देऊन आम्ही नाशकात आलो. द्वारकेजवळ, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि डोक्यावर गच्ची. घर मुलाने घेतलेलं. मुलगा, प्रवीण, नोकरीसाठी पुण्यात. म्हणजे आम्ही दोघंच. तीस-पस्तीस वर्षं पहाटे उठून बागेत जाणारा माणूस इथेही पहाटेच उठायचा, आणि मग काय करायचं ते न कळून पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. हात मांडीवर पालथे पडलेले. मला ते हात बघवत नसत. भाजी निवडायला दिली तर मेथीची पानं अशी मोजून मापून खुडत, की संध्याकाळच्या भाजीला रात्र व्हायची.

मग ती साथ आली. आम्ही दोघेही आजारी पडलो, दोघेही उठलो. दौलतरावांचं सगळं जागेवर आलं. माझा ताप गेला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर नाकही गेलं.

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. सगळ्यांचंच जातं, येईल परत. पण महिने गेले. फोडणी करपली तरी धूर डोळ्यांत गेल्यावर कळायचं. दूध नासलंय का हे विचारायला शेजारच्या दारात पातेलं घेऊन जावं लागायचं. जेवणात नुसतं खारट, आंबट आणि तिखट उरलं. कांदा दाताखाली कर्रकन वाजायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, पण तो कांदा आहे हे तोंडाला पटायचं नाही. स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतो की काय या धास्तीने मी दिवसातून दोनदा आंघोळ करू लागले. बसमध्ये कुणी जरा सरकून बसलं तरी मनाला लागायचं.

याहून वेगळी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगता येत नव्हती. दौलतराव शेजारी झोपलेले असायचे आणि ते तिथे आहेत असं वाटायचं नाही. सल्फरची फवारणी, घाम आणि तंबाखू यांचा मिळून त्यांचा एक वास होता. शेती सुटली तरी तो पुरता गेला नव्हता. लग्न झाल्यापासून मी त्या वासाच्या शेजारी झोपत आले. आता डोळे मिटले की शेजारी कुणीही असू शकलं असतं. माणूस डोळ्यांसमोर असून लांब गेल्यासारखं वाटतं, याचं दुःख काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं.

नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गोळीचा उपयोग नाही. नाकाला रोज आठवण करून द्यायची. लवंग, लिंबू, असलं काहीतरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, आणि हुंगताना तो वास मनात आणायचा. काहींचं येतं, काहींचं येत नाही. मी ते ऐकून खाली मान घातली. दौलतराव मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. घरी येताना रिक्षात म्हणाले, ‘डबीतल्या लवंगेनं काय व्हनार? जुनी वाळकी लवंग ती. ताजं फूल पायजे. झाडावरचं.’

दुसऱ्या दिवशी ते मखमलाबाद रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले आणि मोगऱ्याच्या चार कुंड्या घेऊन आले. त्या हिवाळ्यात गच्ची भरत गेली. मोगरा, त्याच्यापाठोपाठ जाई, अनंत, मोठ्या पिंपात सोनचाफा. सोसायटीतल्या लोकांनी कुरकुर केली, तर दौलतरावांनी सगळ्यांना रोज फुलं द्यायचं कबूल केलं. झाडं शोभेची असली तरी माणूस द्राक्षाचा होता. माघात एके दिवशी त्यांनी मोगऱ्याची सगळी पानं ओरबाडून काढली आणि कात्रीने छाटून नुसत्या काड्या ठेवल्या. शेजारच्या बाई गच्चीवर वाळवण बघायला गेल्या होत्या, त्या धावत खाली आल्या, ‘अहो, काकांनी झाडं मारली!’ दौलतराव शांतपणे म्हणाले, ‘मारली नाय. डोळे फुटतील आता. थांबा पंधरा दिस.’ जाईला त्यांनी बागेतल्यासारखा तारांचा मांडव केला आणि वेल सुतळीने त्याच्यावर बांधला. आणि मी बघत होते, की त्यांचे हात आता मांडीवर पडलेले नसत. नखांत माती असायची. जेवताना दोन भाकरी जास्त जायच्या.

चैत्रात पहिलं फूल आलं. एकच. ते ओंजळीत घेऊन खाली आले. मी पूजा आटपून उठत होते. त्यांनी ओंजळ माझ्या नाकाशी धरली आणि विचारलं, ‘येतोय का?’

मी डोळे मिटून श्वास ओढला. गार हवा आत गेली, बाकी काही नाही. पुन्हा ओढला. डोळे उघडले तर त्यांचा चेहरा वीतभर अंतरावर. श्वास रोखून उभे होते, म्हातारे ओठ थोडे उघडे. हिवाळाभर केलेलं सगळं त्या चेहऱ्यावर होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘येतोय वाटतं. थोडासा.’

दौलतराव मटकन खाली बसले. डोळे पुसले आणि म्हणाले, ‘म्हनलं न्हवतं मी?’ त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. प्रवीणला फोन केला. प्रवीण म्हणाला, ‘आई, खरंच?’ आणि मी म्हटलं, ‘हो रे, येतोय आता हळूहळू.’ त्या फोननंतर मागे फिरायला वाट राहिली नाही.

खोटं बोलण्यातही माणूस तरबेज होत जातो. पहिले काही दिवस मी नुसतंच ‘येतोय’ म्हणायचे. मग वाटलं, यांना संशय येईल, म्हणून तपशील घालू लागले. मोगऱ्याचा वास मला आठवत होता, सोनचाफ्याचा आठवत होता. फूल डोळ्यांनी ओळखायचं, आठवणीतला वास काढायचा आणि बोलायचं. ‘आज कालच्यापेक्षा जास्त आहे.’ ‘अनंताचा जरा जड येतो, नाही?’ ते खूश व्हायचे. मी त्यांच्या खूश होण्याने खूश व्हायचे आणि मग भांडी घासताना उगाचच रडू यायचं. ज्येष्ठ लागला तेव्हा संजयचा फोन आला. ‘काकू, नाक आलं म्हनं तुमचं. मंग चाळीत येऊन जा ना येक डाव. कांदा लय भरलाय.’ मी गुडघा दुखतो म्हटलं. माझा गुडघा ठणठणीत होता. फोन ठेवला, पण पुढच्या वेळी काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आता गच्चीवरच्या एका ऑर्किडबद्दल सांगायला हवं. दौलतरावांनी ते पौषातच आणलं होतं. कुणाच्या तरी सत्काराच्या गुच्छात त्यांनी जांभळी फुलं पाहिली आणि ही फुलं महिना-महिना टिकतात असं कुणीतरी सांगितलं. त्यांचा हिशेब सरळ होता. मोगरा एका दिवसात माना टाकतो, हे एकदा फुललं की महिनाभर रोज वास. एवढं देखणं फूल बिनवासाचं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नसतं. आमच्याकडे फूल म्हटलं की हात आपोआप नाकाशी जातो.

त्या ऑर्किडने दौलतरावांना जेवढं छळलं तेवढं बागेवरच्या कुठल्या रोगाने छळलं नसेल. त्याला मातीच नको. जाळीच्या कुंडीत कोळशाचे नि विटांचे तुकडे, थोडी नारळाची शेंडी, त्यावर ते बसवलेलं. ‘मातीशिवाय झाड? हे काय झाड हाय का पाव्हना?’ मुळं कुंडीबाहेर हवेत लोंबणारी. पानं गळालेल्या जुन्या काड्या बघून तर त्यांचे हात शिवशिवत. दोनदा कात्री घेऊन गेले आणि दोनदा नर्सरीतल्या मुलीला फोन लावला. तिचं नाव मनीषा, पेठ तालुक्याकडची पोर, नर्सरी तीच सांभाळते. ती फोनवर ओरडायची, ‘काका, कात्री ठेवा खाली! ती काडी वाळलेली नाही, त्यातच जीव आहे.’ मग कात्री ठेवून नुसतं पाणी फवारत बसायचे. ऊन फिरलं की कुंडी फिरवायची, वारा सुटला की आत आणायची. ज्येष्ठात एका काडीच्या टोकाला दांडा आला, दांड्यावर कळ्या आल्या, आणि एका सकाळी दोन फुलं उघडली.

त्या सकाळी दौलतराव नेहमीपेक्षा उशिरा खाली आले. कुंडीच उचलून आणली होती. फूल तोडायचा जीव झाला नसावा. चेहरा जरा उतरलेला दिसला, पण मी त्याचा अर्थ दमलेत असा लावला. कुंडी ओट्यावर ठेवून त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, पण हळू आवाजात. ‘येतोय का?’

मी वाकले. श्वास घेतला. या फुलाचा वास आठवणीत नव्हता, कारण तो कधी घेतलाच नव्हता. पण इतक्या कष्टाने आलेल्या फुलाला नुसतं ‘येतोय’ म्हणणं मला कमी वाटलं. मी म्हटलं, ‘अहो, किती गोड! वेलचीसारखा. मोगऱ्यापेक्षा छान.’

‘वेलचीसारखा,’ ते म्हणाले आणि कुंडी घेऊन परत वर गेले.

त्यानंतरचे दोन दिवस त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. आंघोळीला गेले की साबण हातात घेऊन उभे राहायचे. देवापुढची उदबत्ती जळत असली की तिथे जाऊन वाकायचे. एकदा ते अंगातला सदरा काढून नाकाशी धरून बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी मला चहात घालायला वेलचीची डबी सापडेना. शोधत शोधत गच्चीवर गेले, तर दौलतराव ऑर्किडच्या कुंडीसमोर स्टुलावर बसलेले, मांडीवर वेलचीची डबी. एकदा डबी नाकाशी धरत होते, एकदा फुलाशी वाकत होते, पुन्हा डबी. मला बघून दचकले आणि डबी पुढे केली, ‘ही घे, तुझी हाय ती.’ मला काहीच उमगलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, नर्सरीत जायचंय. मलाही कुंदाचं रोप बघायचं होतं, म्हणून मी बरोबर निघाले. मनीषा पोती उघडून खत भरत होती. दौलतरावांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग माझ्याकडे पाठ करून, जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘त्या आर्किडला फूल आलं. पर मला वास येईना. मोगऱ्याचा येतो, साबनाचा येतो, त्याचा तेवढा येत नाय. माझं नाक बिघडायला लागलं का काय, काय कळंना.’

मनीषा मोकळेपणी हसली. ‘काका, नाक चांगलंय तुमचं. त्याला वास नसतोच. आमच्या पेठकडे जंगलात झाडांवर येतात आमऱ्या, म्हणजे रानातली ऑर्किडंच, त्यांतल्या काहींना असतो. पण तुम्ही नेलेलं हे नुसतं दिसायचं. त्याला कुणालाच वास येणार नाही.’

ती पुन्हा खत भरायला वळली. दौलतराव जागेवरून हलले नाहीत. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कुंदाचं एक पान धरून उभी होते, ते माझ्या हातात तुटून आलं.

रिक्षात आम्ही दोघे दोन कडांना बसलो. रविवार कारंजा गेला, शालिमार गेलं. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. चारी बाजूंनी हॉर्न. ट्रकच्या मागे आमची रिक्षा अडकून राहिली. समोर बघत दौलतरावांनी विचारलं, ‘मोगऱ्याचा?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘सोनचाफ्याचा?’

‘नाही.’

‘अनंताचा? जड येतो म्हनली व्हतीस.’

‘नाही येत.’

‘जाईचा?’

मी मान हलवली. रिक्षावाला आरशातून बघत होता. सिग्नल सुटला, ट्रक हलला नाही. ते म्हणाले, ‘येकदाबी नाय?’

‘एकदाही नाही,’ मी म्हटलं. बाहेर इतका गोंगाट होता, की मला ते जरा मोठ्याने सांगावं लागलं.

पुढचा आठवडाभर दौलतराव गच्चीवर गेले नाहीत. पुन्हा पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मी सकाळी वर जाऊन पाणी घालायचे. फुलं कुणी तोडत नव्हतं. मोगरा झाडावरच उमलायचा, दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या तांबूस व्हायच्या आणि संध्याकाळी खाली गळून पडलेल्या असायच्या. मी त्या झाडूने गोळा करायचे. एवढ्या फुलांमध्ये उभं राहून मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. सोसायटीतल्या बाया विचारायच्या, ‘काका बरे आहेत ना? फुलं नाही आली.’

आठव्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, ‘येवढी झाडं मंग कुनासाठी लावली मी?’

मी उत्तर घोकून ठेवलं होतं, ते सोडून दिलं. जे होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, तुमचे रिकामे हात बघवत नव्हते. पहिल्या दिवशी तुमच्या तोंडाकडे बघून ‘नाही’ म्हणवलं नाही. आणि खरं सांगू का, मलाही म्हणायचं नव्हतं. तुम्हाला ‘नाही’ म्हटलं असतं, तर माझं नाक कायमचं गेलं हे माझ्या कानांनी मला ऐकावं लागलं असतं. तुमच्याशी खोटं बोलताना रोज पाच मिनिटं मलाही वाटायचं, की येतोय.

ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘दोन दिस मी भेलो व्हतो. म्हनलं हिचं आत्ता कुठं आलं आन माझं गेलं. तुला सांगितलं नाय, तुझ्या आनंदात माती कशाला कालवायची.’ पुढे म्हणाले, ‘त्याचं नाय काय. पर रोज सकाळी मी तुझ्यासमोर बसायचो आन तू येकटीच व्हतीस. हे मला लागलं.’

मला वाटलं होतं की ते खोटेपणाबद्दल बोलतील. ती तयारी होती. या वाक्याची नव्हती. मी ताटं उचलून मोरीत नेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.

आज त्याला चार वर्षं झाली. नाक परत आलेलं नाही, आणि आता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी ते प्रवीणला स्वतः सांगितलं, संजयलाही. संजय म्हणाला, ‘आसूं द्या काकू, तुमी या तर खरं.’ मी गेले आणि त्याच्या बायकोला चाळीच्या कडेकडेने घेऊन फिरले. हळू चाल, तोंड मीट, जिथे गोडसर वाटेल तिथे थांब. तिला जमतंय. घरात गॅसजवळ आता गळती झाली की वाजणारं यंत्र बसवलंय. गच्ची भरलेलीच आहे. कुंदही आला. ऑर्किड दर वर्षी न चुकता फुलतं आणि दौलतराव त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात. म्हणतात, ह्याच्यापुढं आपण दोघं सारखेच. कधी कधी मला फार उदास वाटतं, विशेषतः सणाच्या दिवशी पुरण शिजताना. तसं वाटलं की मी सांगते. लपवत नाही.

पण ती आठव्या दिवसानंतरची सकाळ सांगायची राहिली. मी पूजा आटपून उठत होते. जिन्यावर पावलं वाजली. दौलतराव आत आले, ओंजळीत मोगरा होता. वाटलं, पुन्हा विचारणार. आता मी ‘नाही’ म्हणायचं, रोज म्हणायचं, ही माझी शिक्षा. पण त्यांनी ओंजळ माझ्याकडे आणलीच नाही. पाटावर बसले आणि स्वतःच्या नाकाशी धरली. डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. हा माणूस कमी बोलणारा. द्राक्षाच्या घडाबद्दल विचारलं तरी ‘बरा हाय’ याच्यापुढे न जाणारा. कपाळाला आठ्या घालून, शब्द शोधत म्हणाला, ‘कसा सांगू तुला... पवनाला न्हाऊ घालून धुरी द्यायचीस ना तू, तान्हा व्हता तवा. मंग त्याच्या टाळूला यायचा बघ. तसा. धुरी काढून टाक. निस्ती टाळू.’

पवना म्हणजे प्रवीण. वास आला नाही, पण कोणता ते मला नेमकं कळलं. आणि दुसरंच काहीतरी डोक्यात आलं. आमच्या घरात सासू-सासऱ्यांसमोर बापाने लेकरू उचलून घ्यायची पद्धत नव्हती. प्रवीण चालायला लागेपर्यंत मी या माणसाच्या कडेवर त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. पोराची माया नाही म्हणून मी मनात किती वर्षं बोल लावला होता.

मी विचारलं, ‘तुम्ही कधी घेतला त्याच्या टाळूचा वास?’

दौलतरावांनी ओंजळीतली फुलं उगाचच हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू धुनं घेऊन विहिरीवर गेली का, तवा. रोज.’